उलटतपासणीबाई आणि न दिसणारी लुकलुक

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना मी पाठीमागे 'उलटतपासणी' म्हणतो. तोंडावर 'बाई' म्हणतो, कारण मला माझं तोंड प्रिय आहे.

नाव उगाच पडलेलं नाही. भाजीवाला म्हणाला, "टोमॅटो एकदम ताजे आहेत," की बाई विचारणार, "कशावरून?"

"सकाळीच आलेत, बाई."

"तुमच्याकडे सकाळी आले. झाडावरून कधी निघाले?"

भाजीवाल्यानं एकदा कंटाळून मला विचारलं, "मास्तर, ह्या घरी नवऱ्याशीही असंच बोलतात का हो?" मी म्हटलं, "म्हणून तर तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो." हा विनोद मी खुद्द त्यांच्या नवऱ्यालाही ऐकवला आणि आजवर त्याच्याइतकं त्यावर कुणी हसलेलं नाही.

मला मास्तर म्हणतात म्हणून मी कुणाला काही शिकवलंय असा गैरसमज नको. मी शिंपी. इमारतीच्या तळाला माझं दुकान आहे. लोक कपडे टाकायला येतात आणि जाताना बातम्याही टाकून जातात. आमच्या हिचं म्हणणं असं, की तुमच्याकडे कपडे वेळेनंतर तयार होतात आणि बातम्या वेळेआधी. मी ह्याला कौतुक समजतो.

बाई पूर्वी औषधांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली ती आयुष्यभर डोक्यात घेऊन बसल्या. नवी गोळी खरंच गुण देते का हे बघायचं असलं, तर काही माणसांना खरी गोळी देतात आणि काहींना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली. घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. "आणि मास्तर, त्या पोकळ गोळीनंसुद्धा लोकांची डोकेदुखी थांबायची!" हे सांगताना बाईंचे डोळे असे चमकतात, जसे दुसऱ्यांच्या बायकांचे दागिन्यांच्या दुकानात.

कारखाना त्यांनी सोडला तो लेकीसाठी. ह्या लेकीला अख्खी गल्ली 'रेडिओ' म्हणते. एकदा ऐकलं की पाठ. बातम्या, जाहिराती, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं जसंच्या तसं, आवाजासकट. पण पुस्तक पुढे ठेवलं की रेडिओ बंद. अक्षरं तिच्यासमोर एका जागी बसायलाच तयार नसत. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. शाळेतले लोक त्याला बरेच दिवस आळस म्हणत होते. बाईंनी विचारलं, "कशावरून?" उत्तर आलं नाही, तेव्हा त्या स्वतःच अशा मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या आणि त्याच शाळेत जिन्यामागच्या खोलीत वाचनवर्ग काढून बसल्या.

खोली मी पाहिलेली आहे. बुटकं टेबल, वाळूचा ट्रे, खरखरीत कापडाची कापलेली अक्षरं. कापड माझ्याच कातरणांतलं. मुलं अक्षरावरून बोट फिरवतात, आवाज काढतात, पुन्हा बोट फिरवतात. पुठ्ठ्याला एक खिडकी पाडलेली असते, ती पानावर ठेवली की एका वेळी एकच ओळ दिसते. बाकीच्या ओळींनी गर्दी करायची नाही. काम इतकं हळू चालतं, की मी तिथे बसलो तर बसल्या बसल्या तीन पायजमे शिवून होतील.

मुख्याध्यापकांना हा हळूपणा टोचायचा. त्यांच्या खुर्चीच्या वर जुना पंखा आहे आणि तो सोडून शाळेत सगळं वेगानं फिरावं असं त्यांना वाटतं. तेवढ्यात आला दिवेवाला.

दिवेवाला म्हणजे तरतरीत तरुण, बोलायला गोड, इस्त्रीची घडी अशी की मी मनात म्हटलं, ह्याचा धोबी कोण ते विचारायला हवं. त्यानं टेबलावर ठेवायचा एक दिवा आणला होता. दिसायला साधाच. पण त्याचा उजेड म्हणे क्षणात अनेकदा लुकलुकतो, इतक्या झपाट्यानं की डोळ्याला स्थिरच वाटावा. ह्या लुकलुकीनं अक्षरांची गडबड थांबते आणि अडखळणारं मूल सरळ वाचायला लागतं, असा त्याचा दावा. खोटारडा नव्हता तो. त्याचा धाकटा भाऊ ह्याच अडचणीपायी शाळा सोडून बसला होता.

मुख्याध्यापकांनी सभागृहात पालकांना बोलावलं. मीही गेलो. माझं मूल तिथे नाही, पण फुकटचा कार्यक्रम सोडायला मी काय वेडा आहे? वाचनवर्गातली मुलं एकेक करून मंचावर आली. सगळ्यांना एकच गोष्ट, आधी साध्या उजेडात वाचायची, मग तीच गोष्ट त्या दिव्याखाली. दिव्याखाली प्रत्येक जण जरा बरं वाचत होता. टाळ्या पडत होत्या.

सगळ्यात शेवटी आली रेडिओ. साध्या उजेडात वाचायला नकोच म्हणाली. दिव्याखाली बसली आणि सुरू झाली. काय वाचली! थांबे, चढउतार, राजाचा आवाज जाड, म्हातारीचा बारीक. दिवेवाला शेजारी उभा राहून तिच्यासाठी पानं उलटत होता. लोक खुर्चीच्या कडेला आले. एका आजोबांनी चष्मा काढून पुसला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या दिवेवाल्याच्या हाताकडे बघत होत्या. मग मीही बघितलं आणि माझ्याही लक्षात आलं. दिवेवाल्याचा हात पान उलटायच्या आधीच पोरगी पुढच्या पानावर पोचली होती!

रांगेत उभी राहून तिनं ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की ती आता गोष्टीची मालकीण होती. पुस्तकाची गरजच नव्हती.

टाळ्यांच्या कडकडाटात मुख्याध्यापक म्हणाले, "आता प्रत्येक वर्गात हे दिवे! वेगळ्या वाचनवर्गाची गरजच उरणार नाही. ती खोली आपल्याला कार्यालयाला होईल."

"एक मिनिट," बाई उभ्या राहिल्या. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. आता भाजीवाल्याच्या जागी दिवेवाल्याची पाळी.

"दुसरं पुस्तक द्या तिला. कुणीही न वाचलेलं."

रेडिओनं आईकडे जे पाहिलं, ते मी कुठल्याही कापडानं झाकू शकणार नाही. दिलेलं पुस्तक तिनं उघडलं, पहिल्या ओळीवर अडकली, पुस्तक मिटलं आणि मंचावरून उतरून सरळ बाहेर निघून गेली.

मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "बाई, खोली जाणार म्हणून तुमचा विरोध, हे आम्ही समजू शकतो. पण स्वतःच्या लेकीला..."

"खोली राहू द्या बाजूला," बाई म्हणाल्या. "एकच गोष्ट दोनदा वाचली तर दुसऱ्यांदा जास्त बरी वाचली जाणार. दिव्याखाली वाचा नाहीतर झाडाखाली. मला हा दिवा तपासून बघायचाय. खरा ठरला तर मी स्वतः त्या खोलीला कुलूप लावून चावी तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. वर ह्या दादांना चहा पाजीन. पण आधी तपासणार. तोवर माझ्या खोलीला कुणी हात लावायचा नाही."

"तपासा की!" दिवेवाला ताठ होऊन म्हणाला. "मी घाबरत नाही." सगळ्यांसमोर म्हणाला, त्यामुळे मुख्याध्यापकांना मान हलवावीच लागली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर रेडिओ माझ्या दुकानात येऊन चिंध्यांच्या ढिगावर बसली. वर घरी जायला तयार नाही. "आईला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, मास्तरकाका."

"अगं, पाठ म्हटलंस ना तू?"

"मग काय झालं? लोक टाळ्या वाजवत होते. मला दिवा हवाय. दिवा आला की मला त्या खोलीत बसावं लागणार नाही. बाकीच्यांसारखं वर्गात बसता येईल."

म्हणजे बाईंचा एक विरोधक शाळेत होता आणि दुसरा घरात, ताटाला ताट लावून जेवणारा. पुढे कित्येक दिवस मायलेकी माझ्यामार्फत बोलत होत्या. "मास्तरकाका, आईला सांगा, मी शिकरण खाणार नाही." आई जिन्यातच उभी असायची.

आता ह्या कथेत माझी बढती झाली. बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तपासणीला तुम्ही हवे आहात. ज्याला दिव्यातलं कळत नाही, वाचनातलं कळत नाही आणि ज्याचा शाळेशी संबंध नाही, असा माणूस पाहिजे."

"एवढे गुण माझ्यात आहेत हे आमच्या हिला सांगाल का? पण बाई, माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

"म्हणूनच. दुसऱ्या कुणी तपासणी फोडली तर मला कळणारही नाही. तुम्ही फोडलीत तर दुपारपर्यंत भाजीवाला मला सांगेल."

मी होकार दिला.

पद्धत अशी होती. दिव्याच्या कळीला दोन जागा होत्या. एकीवर लुकलुक, दुसरीवर साधा स्थिर उजेड. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. दिवेवाल्यानं वायर लांब करून ती कळ माझ्या मांडीवर आणून दिली आणि मला पडद्यामागे बसवलं. पडदा मीच शिवला, सोफ्याच्या जाड कापडाचा. "तुमचा चेहरा म्हणजे सूचनाफलक आहे," बाई म्हणाल्या, "एकाही मुलाला तो दिसता कामा नये. मलासुद्धा."

मूल आत यायच्या आधी मी नाणं उडवायचं. छापा आला तर लुकलुक, काटा आला तर साधा. कोण आलं आणि कळ कुठे होती हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येक मुलाचा एक दोरा. लुकलुकीला पांढरं बटण, साध्याला काळं. ओवायचं आणि गाठ मारायची. दोरे एका डब्यात, डबा माझ्या दुकानात कुलपात. बाई समोर बसून फक्त चुका मोजणार. प्रत्येक वेळी नवी गोष्ट, आणि बाकीच्या मुलांची पाळी असेल तेव्हा रेडिओ लांब मैदानात.

पडद्यामागे बसून मला एक शिक्षा कळली. मला माहीत होतं आणि बोलायचं नव्हतं! ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या लग्नाची बातमी नवरदेवाच्या आधी सांगितली, त्याच्या पोटात ही बटणं खडखडत होती. आमची ही म्हणाली, "तुम्ही झोपेत बटणं बडबडता." मी त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो.

मुख्याध्यापक पँटची कंबर सैल करायला आले. ह्या माणसाचं पोट वर्षानुवर्षं तेवढंच आहे, मी मापं घेतलेली आहेत. "मास्तर, साधारण कल काय दिसतोय?"

"सर, कल पोटाकडे दिसतोय," मी टेप आवळत म्हटलं. "श्वास सोडा."

खरं सांगायचं तर मलाच कल कळत नव्हता. कधी लुकलुकीत एखादं पोर घडाघडा वाचायचं, कधी साध्यात. कधी दोन्हीत रडायचं. मात्र हळूहळू रडणं कमी होत गेलं, एवढं पडद्यातूनही कळत होतं. त्या खोलीत कुणी कुणाला घाई करत नव्हतं. मूल अडलं की बाई गप्प बसायच्या. एवढ्या बोलक्या बाईला इतकं गप्प बसता येतं हे मी कान देऊन ऐकलं नसतं तर मला पटलंच नसतं.

मग तो दिवस आला. रेडिओची पाळी होती. गोष्ट होती एका कुत्र्याची, जो पाहुण्यांच्या चपला पळवून शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवतो. रेडिओ नेहमीसारखी रागातच आली. धाडकन खुर्ची ओढली. वाचायला लागली. अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. पुठ्ठ्याची खिडकी पानावर सरकल्याचा आवाज येत होता. आणि एकदम ती हसली. मोठ्यानं, खदखदून. शेजाऱ्यांना दारात परक्या चपला बघून वाटतं की घरात पाहुणे आलेत आणि ते बिचारे चहा टाकतात, तिथे हसली. ती गोष्ट तिला कुणी वाचून दाखवलेली नव्हती. तो विनोद तिला पानावर भेटला होता, तिचा तिला.

पडद्यापलीकडे बाईंनी श्वास रोखलेला मला कळला. मी माझ्या मांडीवरच्या कळीकडे पाहिलं. बटण ओवलं. कोणतं ते मी बाईंना सांगितलं नाही, मग तुम्हाला बरं सांगेन!

शाळा सुटल्याबरोबर रेडिओ दुकानात. "मास्तरकाका, आज लुकलुक होती ना? मला डोळ्यांत कळत होती. खरं सांगा."

"तुझ्या आईनं मला काय केलं असतं माहीत आहे ना?"

"आईला सांगणार नाही."

"गाढवे, मीच सांगेन ना!"

तिनं जीभ दाखवली आणि गेली. थोड्या वेळानं बाई आल्या. काउंटरपाशी उभ्या राहिल्या. दोऱ्याची रिळं बघत राहिल्या. कुलपातल्या डब्याकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही, आणि इतकं न पाहणं म्हणजे पाहणंच.

"मास्तर."

"बोला, बाई."

मी तुम्हाला सांगतो, त्या वेळी त्यांनी विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. तोंडात आलेलं होतं. त्या क्षणी त्या तपासनीस नव्हत्या. लेकीला वाचायला लावणारा दिवा सापडला असेल तर तो उराशी धरून घरी न्यावा, मग खोली गेली खड्ड्यात, असं वाटणारी आई होती.

"काही नाही. पांढरा दोरा द्या," त्या म्हणाल्या.

पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन त्या वर गेल्या. त्यांच्याकडे शिवणयंत्र नाही.

सत्र संपता संपता दोरे उघडायचा दिवस ठरला. मुख्याध्यापक येताना नवं कोरं कुलूप घेऊन आले होते. त्यांना खात्रीच होती. दिवेवाल्यानं दिव्याची खोकी आणून भिंतीशी रचली होती. मुलं जमिनीवर, काही पालक दारात. बाईंनी चुकांचे आकडे मांडले आणि मी एकेक दोरा त्यांच्याखाली ठेवत गेलो. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्याकडे इतक्या लोकांनी कान लावले नव्हते, आणि मी तर काही बोलतही नव्हतो.

पांढऱ्या बटणांवरच्या चुका आणि काळ्या बटणांवरच्या चुका सारख्याच निघाल्या. दोरा जसजसा शेवटाकडे जाई तसतशा चुका कमी, पण पांढऱ्याला जेवढ्या कमी तेवढ्याच काळ्याला. एका मुलाच्या दोऱ्यात मात्र पांढऱ्याकडे जरा बरं दिसत होतं. दिवेवाल्यानं लगेच बोट ठेवलं. बाईंनी ते झटकलं नाही. "त्याला पुन्हा तपासू," त्या म्हणाल्या. "योगायोग असेल. नसेल तर त्याच्यापुरता दिवा ठेवू. मला काय दिव्याशी वैर आहे?"

मग रेडिओचा दोरा. मी कुत्र्याच्या गोष्टीवर बोट ठेवलं. काळं बटण. साधा उजेड.

बाईंनी एकदा त्या बटणाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि पदरानं नाक पुसलं. रेडिओ मात्र लाल झाली. मला वाटलं आता ही रडणार.

मुख्याध्यापकांनी आणलेलं कुलूप पुढे केलं. "निकाल आपल्या जागी ठीक आहे. पण दिवे आलेलेच आहेत, आणि खोलीची अडचण आहेच. तेव्हा मला वाटतं, कुलूप..."

"कुलूप दिवा जिंकला तर होतं," बाई म्हणाल्या आणि एक खुर्ची दारात ओढून तिच्यात बसल्या, मांडीवर हात ठेवून. "दिवा जिंकलेला नाही. आता लावायचंच असेल तर मला आत ठेवून लावा. बाहेर पालक उभे आहेत, ते बघतील."

पालक बघतच होते. सर इकडे तिकडे पाहू लागले.

तेवढ्यात रेडिओ उठली. टेबलावरचा दिवा तिनं खट्कन बंद केला. खिडकीची झडपं ढकलून उघडली. मग भिंतीजवळून दिव्याचं एक खोकं उचललं आणि सरांच्या पुढ्यात उभी राहून खोक्यावर छापलेलं वाचायला लागली. बोट अक्षरावर, आवाज सपाट. ह्या वेळी राजाही नव्हता आणि म्हातारीही.

"हा... दिवा... ला... लावा... आ... णि... तु... तुम... चं... मूल..."

पुढचा शब्द येईना. बोट तिथेच थांबलं. बाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. सरांना राहवलं नाही. "सहज," त्यांनी हळूच पुरवलं.

रेडिओनं मान वर केली. "मी मागितलं होतं का?"

"नाही, पण बाळ..."

"आता मला पहिल्यापासून वाचावं लागणार," ती म्हणाली. आणि खरोखर पहिल्यापासून सुरू झाली. "हा... दिवा..."

दिवेवाला खाली मान घालून हसला. मग त्यानं हळूच एक खुर्ची सरांकडे सरकवली, पण सर बसले नाहीत. बसायची हिंमत नव्हती. कुलूप हातात धरून ते उभे राहिले, नंतर त्यांनी ते खिशात घातलं. खिसा मीच शिवलेला, खोल आहे, पण कुलूप जड. पँट एका बाजूला ओढली गेली.

"...तुम... चं... मूल... स... ह... ज..." रेडिओ त्या शब्दावर जरा रेंगाळली. मग त्याला ओलांडून पुढे गेली. "वा... चू... ला... गेल."

तिनं खोकं खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं संपलं. मुख्याध्यापकांनी दाराकडे पाऊल टाकलं, तर दारात बाईंची खुर्ची.

"थांबा, सर," रेडिओनं खोकं उलटं केलं. "मागच्या बाजूला अजून बारीक अक्षरात खूप आहे."